कॅसेट तीच, बोली वेगळी

बीबीसी मायक्रोची प्रोग्राम-कॅसेट स्पेक्ट्रमला (दोन्ही 1980 च्या दशकातले घरगुती संगणक) लावून रात्र घालवलीस म्हणतोस? ती कधीच चढणार नाही, बाळा. बीबीसी 1200 आणि 2400 हर्ट्झच्या सुरांत बिट लिहितो. स्पेक्ट्रम स्पंदाच्या लांबीवरून ओळखतो.

प्रोग्राम नेण्याची सरळ वाट पीसीमधून. बीबीसीच्या मागचं पाच पिनांचं आरएस-423 हे सिरीयल पोर्ट पीसीच्या आरएस-232 सिरीयल पोर्टशी जमतं. बीबीसीवर प्रोग्राम चढवून स्टार एफएक्स (*FX) 8,7 ही आज्ञा दे, म्हणजे पाठवण्याचा वेग 9600 बॉड (सेकंदाला बिट). मग स्टार एफएक्स 5,2 (छपाई सिरीयल पोर्टवर वळवायला), कंट्रोल-बी (छपाई सुरू) आणि लिस्ट. प्रोग्राम साध्या मजकुरात बाहेर पडतो. सेव्ह केलेली फाइल तशीच नेऊ नकोस: त्यात बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचे शब्द टोकन (एकेका शब्दासाठी एक छोटा कोड) बनून बसतात आणि दोन्ही यंत्रांची टोकनं वेगळी. पुढे हातकाम आहेच. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये प्रोसिजर (नाव देऊन बोलावता येणारे तुकडे) नाहीत, आणि चलाला किंमत देताना लेट लिहावंच लागतं. (मला यातच गंमत वाटते.) झालं की पीसीवर टॅप (.tap, स्पेक्ट्रमच्या कॅसेटची डिजिटल प्रत) फाइल बनवून हेडफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला वाजव, आवाज बऱ्यापैकी मोठा ठेवून.

आणि सांगलीत आहेस, तर आधी कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघ. 2019 च्या पुरानंतर माझ्या निम्म्या कॅसेटींना बुरशी आली. तशी एक लावलीस तर टेपरेकॉर्डरचं हेड घाण होतं आणि पुढची चांगलीही बिघडते.