जीनोम हाताशी असताना फळमाशीत स्क्रीन करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय, फळमाशीचा जीनोम २००० सालीच वाचून झालाय, मग सिग्नलिंगवरच्या (पेशी एकमेकींना निरोप कसे देतात त्यावरच्या) पीएचडीसाठी आता स्क्रीन, म्हणजे एकेक जनुक बिघडवून काय होतं ते बघत जाणं, कशाला? सेव्हनलेसचं बघा, म्हणजे माशीच्या डोळ्यात निरोप झेलणाऱ्या एका रिसेप्टरचं. जेराल्ड रुबिन या जनुकशास्त्रज्ञाच्या लॅबने तो रिसेप्टर इतका दुबळा ठेवला की डोळ्यातली प्रकाश टिपणारी आर-७ पेशी जेमतेम बनावी. एरवी एखाद्या जनुकाची एक प्रत गेली तर माशीला पत्ताही लागत नाही, इथे मात्र त्याच निरोपाच्या साखळीतल्या जनुकाची एक प्रत गेली की लगेच आर-७ गायब. १९९१ साली तो निरोप पुढे नेणारी रास आणि सॉस ही जनुकं त्यातूनच हाती लागली. कुठे शोधायचं ते माशीने दाखवलं.

आता माझं. सदाशिव पेठेतली आत्या माझी ओळख ‘ही माशा मारते’ अशी करून द्यायची. मी पुण्यातल्याच एका लॅबमध्ये जीएमआर-गॅल४ (डोळ्यात चालणारा जनुकीय स्विच) वर आरएनएआयच्या लाइनी (एकेक जनुक बंद पाडणारे माशांचे वाण) लावून डोळा किती खडबडीत होतो ते बघत होते. व्हर्जिन (अजून समागम न झालेल्या माद्या) गोळा करायला सकाळी सहाला हजर. मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. आली तेव्हा इन्क्युबेटरचं कूलिंग सुरूच झालं नाही. सोमवारपर्यंत आत ३० डिग्री. माशा बाहेर आल्या तर एका ट्रेमध्ये अकरा ‘हिट’ (डोळा बिघडलेल्या लाइनी)! भिंगांच्या ओळी पुसून डोळे नुसते चकचकीत. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या माशा, होते शेजारच्या, यूपीएसवरच्या इन्क्युबेटरमध्ये. सर खूश. मी वही दाखवली: उष्णतेत गॅल४ जोरात चालतो, नुसता जीएमआर-गॅल४ सुद्धा डोळा बिघडवतो. ‘प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय सोड,’ हे सरांकडून भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलं. पुन्हा २५ डिग्रीला क्रॉस (माशांच्या जोड्या) लावले. अकराही डोळे कंट्रोलसारखेच. तीन महिने गेले, आणि ‘तुझं बरोबर होतं’ एवढे तीन शब्द काही कुणाच्या तोंडून निघाले नाहीत.

म्हणून पीएचडीसाठी गाइड निवडताना त्यांचे पेपर मागाहून वाचा. आधी विचारा, मायक्रोस्कोपखाली स्वतः शेवटचं कधी बघितलंत? उत्तर द्यायला वेळ लागला तर नमस्कार करून निघा.

हो, आरएनएआयने कधी भलतंच जनुक बंद पडतं, तेव्हा प्रत्येक हिटला दुसरी वेगळी लाइन हवीच. शिवाय पेशी मेल्या तरी डोळा खडबडीत होतो, तुमच्या पाथवेचा (निरोपाच्या साखळीचा) त्यात काही संबंध नसतो. आणि कंट्रोल त्याच ट्रेमध्ये ठेवा, बाबांनो.

वहीच्या त्या पानाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे: ‘सोमवार, सकाळी ६.१०, आत ३०.’