रोलेक्ससाठी नाव देऊन ठेवलंय, पण शोरूमवाले तारीखच सांगत नाहीत. घड्याळ नक्की कधी मिळेल?

तुम्ही लिहिलंय की मुंबईच्या अधिकृत शोरूममध्ये सबमरीनर मॉडेलसाठी नाव दिलंय, फोन केला की "आलं की कळवतो" एवढंच उत्तर मिळतं, आणि तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या भावाचं लग्न आहे. भाऊ, त्या मुहूर्ताचा आणि या घड्याळाचा संबंध लावू नका. तारीख ते लपवत नाहीयेत, त्यांनाच ती माहीत नसते.

मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे या गावचा, कापसाच्या धंद्यातला. मीही असंच नाव दिलं होतं. काचेच्या कपाटात घड्याळ समोर दिसत होतं, शेजारी 'फक्त प्रदर्शनासाठी' अशी छोटी पाटी. काउंटरवरच्या पोरानं टॅबवर माझं नाव, मोबाईल, मॉडेल, डायलचा रंग टिपला. मी विचारलं, माझा नंबर कितवा? तो म्हणाला, "सर, नंबर नसतो."

खरंच नसतो. ती यादी म्हणजे वधू-वर सूचक मंडळातली वही समजा. नाव सगळ्यांचं लिहितात, पण स्थळ आलं की बोलावणं कोणाला जाईल, ते वही सांभाळणारा ठरवतो. जुनं गिऱ्हाईक, नेहमी येणारा, घड्याळ स्वतः घालेल असा वाटणारा माणूस पुढे जातो. घेऊन लगेच जास्त भावात विकणारे बरेच निघाले, म्हणून ही पारख वाढली. आपण गावाकडचे, पहिल्यांदाच आलेलो, त्यामुळे मागे पडतो. राग येतो, पण आहे हे असं आहे.

दुसरं म्हणजे माल. रोलेक्स वर्षाला किती घड्याळं बनवते हे कंपनी जाहीर करत नाही. बाजाराचा अंदाज दहा लाखांच्या वर आहे. ती जगभर वाटली जातात आणि पुढच्या खेपेत कोणतं मॉडेल, कोणत्या रंगाचं येईल हे विक्रेत्याच्या हातात नसतं. स्वित्झर्लंडमधल्या बुल इथं कंपनी नवा कारखाना उभारते आहे, पण तो 2029 मध्ये सुरू व्हायचा आहे. तुमच्या भावाच्या लग्नाला त्याचा काही उपयोग नाही.

मग करायचं काय? एकाच मॉडेलवर अडून बसू नका. स्टीलचं डेटोना मागाल तर वाटच बघत बसाल; डेटजस्ट किंवा ऑयस्टर परपेच्युअल चालत असेल, डायलच्या रंगाचा हट्ट नसेल, तर गोष्ट बरीच सोपी होते. मी शेवटी निळ्या डायलचं डेटजस्ट घेतलं आणि खुश आहे. "आधी हा हिऱ्यांचा सेट घ्या, मग नाव वर सरकेल" असं कोणी सुचवलं तर दागिना खरंच हवा असेल तरच घ्या. त्यानं घड्याळ मिळेलच अशी लेखी हमी कोणी देत नाही. आणि बाहेरचा एजंट आगाऊ पैसे मागत असेल तर सरळ नमस्कार करा.

सेकंडहँडचं म्हणाल, तर 2022 च्या सुरुवातीला भाव चढले होते तसे आता नाहीत. पण वॉरंटी कार्डावरचा सीरियल नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळतो का, हे जाणकाराकडून बघून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

पैशावरून आठवलं. आपल्याकडे कापूस नाहीतर संत्र्याचा बगीचा विकला की रोकड घरात असते, आणि तीच पिशवीत घालून न्यावी असं वाटतं. दोन लाख किंवा त्यावरची रोकड दुकानदाराला एका व्यवहारात घेताच येत नाही. पैसे आधीच बँकेत भरून ठेवा. घड्याळ दहा लाखांच्या वरचं असेल तर 2025 पासून 1 टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदारानं गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर, किमतीवर वेगळा घेतात. रिटर्न भरताना तो वळता होतो.

फोन कधीही येतो, आणि आला की घड्याळ फार दिवस राखून ठेवत नाहीत. वावरात रेंज नसते, म्हणून घरच्या कोणाचा तरी दुसरा नंबरही लिहून द्या. बोलावणं आलं की विदर्भ एक्सप्रेसनं निघा, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत. पॅन कार्ड सोबत ठेवा.