लेस्टरहून गाडीने पॅरिस आणि ब्रुज: फेरी घ्यावी की टनेल?

तुम्ही विचारलंय की सुट्टीत लेस्टरहून स्वतःच्या सेव्हन सीटरने पॅरिस आणि बेल्जियममधलं ब्रुज करायचंय, सोबत दोन लहान मुलं आणि साताऱ्याहून येणारे आई-बाबा, तर डोव्हरची फेरी बरी की फोकस्टनचा समुद्राखालचा टनेल. माझं सरळ उत्तर: जाताना टनेल, येताना फेरी. दोन्हीकडे एकेरी तिकीट मिळतं, एकाच मार्गाने जाऊन यायची सक्ती नाही, आणि हे बऱ्याच लोकांच्या डोक्यातच येत नाही.

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो, घरचे भारतातून आले की ही चक्कर ठरलेली असते. सगळे टनेलची ३५ मिनिटं विरुद्ध फेरीची ९० मिनिटं अशी तुलना करतात पण खरा प्रश्न तो नाहीच, गाडीत कोण बसलंय आणि त्या दिवशी पुढे किती ड्रायव्हिंग आहे यावर ठरवा. पासपोर्टची रांग दोन्हीकडे आहे, फ्रेंच पोलीस इंग्लंडच्याच बाजूला तपासतात, म्हणजे पलीकडे फ्रान्समध्ये कॅलेला उतरलं की थेट रस्त्याला लागायचं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची ईईएस म्हणून येण्याजाण्याच्या नोंदीची नवीन पद्धत आलीय, फोटो आणि बोटांचे ठसे वगैरे (१२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत), त्यामुळे फेरी असो की टनेल, वेळ हातात ठेवूनच निघा.

टनेलबद्दल आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की त्यातून आपण गाडी चालवत नाही. मुंबईच्या कोस्टल रोडच्या बोगद्यासारखं काहीतरी असेल असं तिकडून येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. इथे गाडी रेल्वेच्या डब्यात चढवायची, इंजिन बंद, हँडब्रेक ओढायचा, खिडक्या थोड्या खाली, आणि गाडीत किंवा गाडीजवळच थांबायचं. ५० किलोमीटरचा बोगदा, त्यातला ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखालून, १९९४ साली सुरू झालेला, पण दिसत काही नाही बरं का, बाहेर नुसता काळोख, मुलांना मासे दिसतील असं चुकूनही सांगू नका. कान थोडे दडपतात, गोळी चघळायला द्या. कुणाला बंद जागेची भीती वाटत असेल तर मात्र टनेलचा विचार सोडा, मधेच उतरता येत नाही.

तरी जाताना टनेल का म्हणतो, तर लेस्टरहून फोकस्टनच तीन तास, पुढे कॅले ते पॅरिस साधारण २९० किलोमीटर म्हणजे अजून तीन तास, वर घड्याळ एक तास पुढे जातं. त्या दिवशी वाचवलेला एकेक तास संध्याकाळी मुलांना वेळेत जेवायला घालायच्या कामी येतो. एम २० मोटरवेवरून सरळ टर्मिनलमध्येच शिरता येतं. वाऱ्याचा परिणाम नाही, आणि थोडं लवकर पोचलात आणि जागा असली तर आधीची ट्रेनही देतात. भाडं माणशी नसून गाडीमागे आहे, ९ माणसांपर्यंत तेच, त्यामुळे सहा जणांना ते वाटतं तितकं महाग पडत नाही, फक्त शाळेच्या सुट्टीतले शनिवार टाळा, तेव्हा दर फार चढतात. बुक करताना गाडीची उंची नीट टाका, रूफबॉक्स धरून १.८५ मीटरच्या वर गेली तर वेगळ्या डब्यात पाठवतात. आणि गाडी एलपीजीवर चालत असेल तर टनेलवाले घेतच नाहीत, मग फेरीच.

आईंचे गुडघे दुखत असतील तर हाही मुद्दा आहेच. फेरीत गाडी खाली ठेवून वर जावं लागतं, जहाज चालू असताना खाली थांबू देत नाहीत, जिने अरुंद असतात आणि लिफ्टला सगळे एकदम गर्दी करतात. चढताना तिथल्या माणसाला आधी सांगितलंत तर लिफ्टजवळ गाडी लावून देतात, लाजू नका, सांगा. डेक आणि जिन्याचा नंबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता फेरी. येताना तुम्ही पॅरिसहून किंवा ब्रुजहून गाडी हाणत कॅलेला येणार आणि डोव्हरला उतरून परत तीन तास लेस्टर, तर मधले ते दीड तास ड्रायव्हरला पाय मोकळे करायला, नीट बसून खायला, अगदी डोळा लावायला मिळतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, दमलेल्या माणसाच्या हातात सहा जणांची गाडी नको. मुलांना पळायला जागा मिळते. आणि डोव्हरचे पांढरे कडे येतानाच बघावेत, समोरून हळूहळू मोठे होत जातात, जाताना ते पाठीमागे राहतात. त्यासाठी उजेडातली फेरी घ्या, रात्रीची स्वस्त मिळाली तरी नको. आई-बाबांनी समुद्र ओलांडला असं त्यांना खरोखर तेव्हाच वाटेल, साताऱ्याला गेल्यावर ते बोगद्याबद्दल बोलणार नाहीत, बोटीबद्दलच बोलतील.

बोट लागत असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर बसा, आलेपाक जवळ ठेवा. ॲव्होमिन घ्यायची तर आधी घ्यावी लागते, पण गाडी चालवणाऱ्याने अजिबात नाही, झोप येते त्याने.

तुम्ही ॲम्स्टरडॅमही धरलं असतंत तर मी हल-रॉटरडॅम रात्रीची फेरी सांगितली असती, लेस्टरहून हल जवळ आहे आणि केबिनमध्ये झोपून सकाळी हॉलंडमध्ये. पॅरिससाठी तो वळसा आहे.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, भाकरवडी, लाडवांचा डबा ठेवा पण पेढे, पनीर, श्रीखंड आणि मटण-चिकनचं काहीही नको, ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. येतानाही फ्रान्सचं चीज घेऊ नका, एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही तशीच बंदी घातलीय. लहान बाळाची दूध पावडर चालते. फ्रान्सच्या टोलनाक्यावर मशीन डावीकडे असतं, आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून डाव्या सीटवर कार्ड घेऊन चटपटीत माणूस बसवा. मागे यूके स्टिकर, गाडीत त्रिकोण आणि चमकती जॅकेटं, हे विसरू नका.

तिकिटाच्याही आधी एक काम आहे. आई-बाबांचा ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) वेगळा लागतो, आणि तो त्यांनी भारतातून निघायच्या आधीच काढावा, इथे फिरायला आलेल्यांचा अर्ज सहसा घेत नाहीत. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्हालाही लागेल, पण तुम्ही इथूनच अर्ज करू शकता. जास्त रात्री पॅरिसला असतील तर फ्रान्सकडे, ब्रुजला असतील तर बेल्जियमकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला त्रास होतो म्हणून हे आत्ताच बघा, फेरी आणि टनेलचं बुकिंग व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख हातात आल्यावर केलं तरी चालेल, फक्त तारीख बदलता येणारं तिकीट घ्या.