दाणा सोडणारे शिंगरू: भुकेचे औषध शोधण्यापूर्वी

आपल्या प्रश्नातील मुख्य गोष्टी मी अशा समजलो आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून आणलेले आपले अडीच वर्षांचे शिंगरू निपाणीजवळच्या मळ्यात आल्यापासून भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा जवळजवळ शिवत नाही. शाळूचा कडबा आणि उसाचे वाडे मात्र खाते. काकवी, सातूचे पीठ, अंडी, बत्तिसा चूर्ण (जनावरांना देतात ते पाचक चूर्ण) असे सारे आपण घालून पाहिले; प्रत्येक नवी वस्तू त्याने एक-दोन दिवस खाल्ली आणि पुन्हा तोंड फिरवले. आता भूक वाढवणारे औषध कोणते द्यावे, असे आपण विचारता.

माझ्या मते औषधाचा विचार सध्या बाजूला ठेवावा. ज्याची भूकच मेली आहे ते जनावर कडब्यालाही तोंड लावत नाही. आपले शिंगरू वैरण खाते, म्हणजे भूक शाबूत आहे. खुपते आहे ते दाण्यात, तोंडात किंवा पोटात, आणि कोठे ते शोधावे लागेल. घोडा खोडीने खात नाही असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, परंतु खोडकर म्हणून दाखवलेल्या घोड्यांपैकी बहुतेकांना काही ना काही खरे कारण असल्याचे मी पाहत आलो आहे.

पुढचे वाचण्याआधी एक खात्री करून घ्यावी. शिंगराने वैरणही सोडली, ताप 102 अंश फॅरनहाइटच्या वर गेला (निरोगी घोड्याचे तापमान साधारण 99 ते 101 अंश असते), लीद थांबली, ते वारंवार पोटाकडे वळून पाहू लागले किंवा लोळू लागले, तर हा चोखंदळपणा नव्हे आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याच्या पोटदुखीला थांबायला वेळ नसतो. यात्रेतून आलेल्या तरुण जनावरात जबड्याखाली गाठी आणि नाकातून घट्ट स्राव दिसला, तर त्याला गिळतानाच दुखत असते. असा आजार संसर्गजन्य असतो, म्हणून त्याची बादली आणि जागा लगेच वेगळी करावी. ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग नाही ना, हे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्त तपासून निश्चित करता येते. बाहेरून आणलेल्या घोड्याच्या बाबतीत मी ही तपासणी टाळत नाही.

यांपैकी काही नसेल, तर पहिली शंका दातांची. अडीच वर्षे म्हणजे शिंगरू दोन दाती होण्याचे वय. पुढचे मधले दुधाचे दात याच सुमारास पडतात आणि त्याच वेळी आतल्या दाढांपैकी पहिल्या दाढाही बदलतात. त्यानंतर साडेचार वर्षांपर्यंत ही उलथापालथ चालूच असते. जुन्या दाढेचे टोपण नव्या दाढेवर अडकून राहिले, तर कडक दाणा चावताना हिरडी दुखते. लांब वैरण मात्र घोडा एका बाजूने कशीबशी चावून नेतो. याची खूण गव्हाणीपाशीच सापडते. अर्धवट चघळलेले, लाळेने ओले, दोरीसारखे पिळलेले वैरणीचे बोळे खाली पडलेले दिसले, किंवा लिदीत हरभऱ्याचे अख्खे दाणे दिसले, तर दाण्याचा ब्रँड बदलून काहीही साधणार नाही. खाताना शिंगरू मान एका अंगाला कलती करते का आणि तोंडाला वास येतो का, हेही पाहावे. गाडीला जुंपण्याचा सराव सुरू केला आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून ओठांचे कोपरे आणि कडियाळे (लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी भाग) बसते ती हिरडीवरची जागा अवश्य तपासावी. तेथे जखम असेल तर ती भरेपर्यंत कडियाळे चढवू नये. तोंडात हात घालून दाढा चाचपण्याचे धाडस मात्र करू नये. ते काम तोंड उघडे ठेवण्याचे साधन असलेल्या डॉक्टरांचे आहे, आणि तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच वर्दळ असल्यामुळे घोड्यांचे काम नेहमी करणारे डॉक्टर कोल्हापूर, मिरज किंवा बेळगाव येथून बोलवावे लागले, तरी तो खर्च वाया जात नाही.

दुसरी शंका पोटातील व्रणांची, आणि आपण दिलेल्या वर्णनात ती मला अधिक टोचते. वैरण खाणे आणि दाणा सोडणे हे जठरातील व्रणाचे नेहमी दिसणारे लक्षण आहे. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असते, ते खाण्याच्या वेळेची वाट पाहत नाही; चघळताना तयार होणारी लाळ आणि जठरात साठलेली वैरण हीच त्याची ढाल. तापीकाठापासून दूधगंगा-वेदगंगेपर्यंतचा ट्रकमधला प्रवास, त्यात उपाशीपोटी उभे राहणे, नवी जागा, लगेच सुरू झालेला सराव आणि दिवसातून दोनदाच मिळणारे खाणे, एवढी कारणे व्रण होण्यास पुरेशी आहेत. सूज उतरण्यासाठी मध्यंतरी वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शने दिली असतील, तर तीही व्रण वाढवतात. पट्टा आवळताना कान मागे टाकणे, दात खाणे आणि खाता खाता मध्येच थांबून मागे सरणे या खुणा जुळल्या, तर आम्ल कमी करणारे औषध डॉक्टरांकडूनच, वजनानुसार ठरवून घ्यावे. तोपर्यंत पुढ्यात दिवसरात्र वैरण राहील अशी व्यवस्था करावी, सरावापूर्वी थोडी वैरण खाऊ घालावी आणि मिळत असल्यास रोज थोडा लसूणघास द्यावा, कारण त्यातील कॅल्शियम आम्लाला आवर घालते.

आता दाण्याकडे वळू. निपाणी भागाचा विषय आहे म्हणून विचारतो: खाद्याची पोती आपण कोठे ठेवता? या पट्ट्यात अनेक घरांची कोठारे तंबाखूने भरलेली असतात, आणि त्याच कोठारात एका बाजूला कोंडा आणि हरभरा रचलेला असतो. आपल्या नाकाला त्या वासाची इतकी सवय झालेली असते की तो जाणवत नाही; घोडा मात्र खाण्यापूर्वी प्रत्येक घास हुंगतो. तंबाखूच्या रिकाम्या पोत्यात धान्य भरले असेल, तर ते आजच काढावे, कारण तेथे केवळ वासाचा नाही, विषाचाही प्रश्न आहे. फवारणीची औषधे आणि युरियाची पोती यांनाही हाच नियम लागू. पावसाळ्यात खानापूरपासून निपाणीपर्यंतची हवा इतकी दमट असते की कोंडा आणि शेंगदाणा पेंड यांना तळाशी बुरशी धरते आणि वरून पोते कोरडेच वाटते. मूठभर खाद्य पोत्याच्या तळातून काढून नाकाशी धरावे. कुबट वास आला तर ते घोड्याला घालू नये आणि उन्हात वाळवून वापरण्याचा मोहही धरू नये. बुरशी धरलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर परिणाम करून जीव घेऊ शकतो.

भिजवलेल्या हरभऱ्याची परीक्षा आणखी सोपी आहे. रात्री पितळी किंवा लोखंडी पातेल्यात भिजत घातलेला हरभरा उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबतो. पाण्यावर बारीक फेस येतो, बोटाला चिकटपणा लागतो आणि आंबूस वास सुटतो. असा दाणा पुढे ठेवताच शिंगरू एकदा हुंगते, वरचा ओठ उलटा वळवून मान उंचावते आणि बाजूला होते. मालक म्हणतो, नखरे करते. खरे तर त्याचे नाक मालकाच्या नाकापेक्षा प्रामाणिक आहे. हरभरा चार-सहा तासच भिजवावा, पाणी ओतून द्यावे, दाणा एकदा धुऊन घ्यावा आणि संध्याकाळचा उरलेला सकाळी पुन्हा घालू नये. ज्या घमेल्यातून म्हैस आंबोण खाते, त्याच घमेल्यातून घोड्याला दाणा देण्याची पद्धतही सोडावी. गुळगुळीत तळाची स्वतंत्र बुट्टी किंवा टब जमिनीवर ठेवावा, कारण मान खाली घालून खाणे घोड्याला स्वाभाविक आहे. तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) नव्या जनावराला प्रथम मुळीच बांधू नये. त्यात त्याला आजूबाजूचे दिसत नाही आणि ते बिचकते.

आपण केलेल्या उपायांविषयी थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. एक पदार्थ नाकारताच दुसरा, तोही सोडताच तिसरा, असे करत गेल्याने शिंगराला एवढेच कळले की तोंड फिरवले की काही नवे येते. शिवाय बत्तिसा चूर्ण कडू आणि उग्र. ते दाण्यात कालवल्यावर त्या दाण्याशीच त्याची नकोशी आठवण जोडली जाते. जंताचे औषध किंवा कोणतीही कडू वस्तू रोजच्या दाण्यात लपवून देऊ नये, ती तोंडात नळकांडीने स्वतंत्रपणे द्यावी. पातळ औषध किंवा तेल बांबूच्या नाळेने मान वर ओढून पाजणे तर घातक आहे, कारण ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसे कामातून जाऊ शकतात. आपल्या शर्यतीच्या घोड्यांना अंडी, दूध, बदाम, खारीक, तूप यांचा खुराक देण्याची मोठी हौस आहे. त्यातील दूध प्रौढ होणाऱ्या घोड्याला पचत नाही, आणि बाकीचे पदार्थ मालकाच्या समाधानासाठी असतात असे माझे मत आहे. कोंबडीचे खाद्य किंवा गाईंचे तयार पशुखाद्य मात्र चुकूनही घालू नये. त्यांत कधी कधी मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि त्याची थोडी मात्राही घोड्याला मारक ठरते.

मग घालावे काय आणि कसे? प्रथम ज्यांच्याकडून शिंगरू घेतले, त्यांना फोन करून ते काय खात होते हे विचारावे. त्या यात्रेत दूरदूरची घोडी येतात. एखाद्याला बाजरीची सवय असते, कोणाला जवाची, आणि हरभरा कधी पाहिलेलाच नसतो. जुने खाद्य मिळाले तर तेच द्यावे आणि त्यात नवे मूठमूठ मिसळत सात ते दहा दिवसांत बदल पूर्ण करावा. जुने कळले नाही, तर जे खाते आहे तेथूनच सुरुवात करावी: कडबा बारीक कुटून, पाणी शिंपडून, त्यात एक मूठ भरडलेला जव किंवा ओट मिसळावा. ओली कुट्टी आवडते की कोरडी, हे दोन टब शेजारी ठेवून एकदा पाहून घ्यावे. ठरलेल्या वेळी थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे, अर्ध्या तासाने उरलेले उचलावे आणि कितीही दया आली तरी त्या जागी दुसरे काही ठेवू नये. वैरण पुढ्यात असतेच, त्यामुळे उपासमारीची भीती नाही.

गोडीसाठी काकवी बंद करून मेथी घालून पाहावी. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोड्यांपुढे निरनिराळ्या स्वादांचे खाद्य ठेवले, तेव्हा मेथी पहिल्या पसंतीला उतरली. केळे, गाजर आणि जिरे हेही आवडत्या स्वादांत होते. मेथीदाण्याची चमचाभर पूड पुरते. एकच स्वाद ठरवून तोच ठेवावा, म्हणजे उद्या खाद्य बदलले तरी ओळखीचा वास कायम राहील. हरभऱ्याऐवजी हुलगे द्यायचे असल्यास ते शिजवूनच द्यावेत, कारण कच्च्या हुलग्यात पचनाला अडथळा करणारे घटक असतात आणि ते उष्णतेने नाहीसे होतात. चिकोडी-संकेश्वरच्या बाजारात ते सहज मिळतात.

पाणी आणि मीठ हे विषय कोणी मनावर घेत नाही. पाणी कमी प्यालेला घोडा कोरडा दाणा टाळतो. नदीचे किंवा विहिरीचे पाणी पिण्याची सवय असलेल्या जनावराला नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा वास आवडत नाही. ते पाणी उघड्या टाकीत काही तास ठेवून द्यावे. मीठ दिवसाला साधारण 25 ग्रॅम पुरे.

प्रमाणासाठी वजनाचा अंदाज हवा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 11,900 ने भागावे. घेर 150 आणि लांबी 135 असेल तर वजन सुमारे 255 किलो येते. अशा शिंगराला रोज पाच-साडेपाच किलो कोरडी वैरण लागते. दाणा सर्व मिळून दीड किलोच्या आत आणि एका वेळेला अर्ध्या किलोपेक्षा अधिक नसावा. कोंडा त्यात पावशेराच्या वर नको, कारण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. वाढत्या हाडांना ते उलट मारते. हत्ती गवतातील ऑक्झलेटही कॅल्शियम अडवते, म्हणून हिरवे म्हणून तेवढेच घालू नये. गळिताच्या हंगामात फुकट मिळते म्हणून नुसत्या वाड्यावर तर शिंगरू वाढवूच नये. त्याने पोट भरते, अंग भरत नाही.

शिंगराला गोठ्यात म्हशींच्या रांगेत एकटे बांधले असेल, तर एखादी घोडी किंवा निदान शेळी त्याच्या नजरेसमोर ठेवून पाहावी. कळपातून आलेले तरुण जनावर शेजारी कोणी खात असेल तर खाते. गाडीचा सराव दाणा नियमित होईपर्यंत थांबवावा. घेराचे माप दर पंधरवड्याला सकाळी, पाणी पाजण्यापूर्वी घेऊन वहीत लिहावे. दात व पोट तपासून झाल्यावर आणि वरीलप्रमाणे तीन आठवडे खाऊ घातल्यावरही घेर कमी होत असेल, तर ती वही, तीन दिवसांतील तापमानाच्या नोंदी आणि ताज्या लिदीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि जंतांबरोबरच सरा या रक्तातील परजीवीच्या रोगाची रक्ततपासणीही करण्यास सांगावे, कारण पावसाळ्यानंतर गोमाशा वाढतात आणि हा रोग त्यांच्यामार्फत पसरतो.