सांगलीत फ्लॅटचे भाव थंडावलेत. पगार 45 हजार, हाताशी 6 लाख. घरासाठी पैशाची तयारी कशी करावी?

6 लाखांवर 30 लाखांचा फ्लॅट बघत असाल तर थांबा. बाजार थंड असला की कमी पैशात भागतं असं लोक समजतात. रोख उलट जास्त लागते. मला हे 2019 मध्ये कळलं, मेहुण्याच्या कृपेनं.

त्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. दिवाळीनंतर नदीकडच्या फ्लॅटला गिऱ्हाईक नव्हतं. 32 लाख सांगणारा मालक 28 वर आला. मेहुणा मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी. म्हणाला, "दाजी, माल पडत्या भावातच उचलायचा असतो. एवढं भिऊन कसं चालंल?" बायको अर्थातच भावाच्या बाजूनं. तळमजल्याचा फ्लॅट, 51 हजार इसार देऊन बसलो.

माझा हिशेब असा: बँक 28 चे 80 टक्के देणार, माझ्याकडं 7 लाख, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी धरून कमी पडणारे 56 हजार ऑफिसच्या पतसंस्थेतून काढू. मग बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला. भिंतींना ताजा रंग, वासही गेला नव्हता. त्यानं खिशातला टेस्टर काढून हॉलमधल्या स्विचबोर्डाचे स्क्रू सोडवले. प्लेट पुढं ओढली तसा आतला वाळलेला गाळ भुरुभुरु फरशीवर पडला. मालक म्हणाला, "ते झाडून देतो की." व्हॅल्युअर काही बोलला नाही, फोटो काढला.

व्हॅल्युएशन 25 लाख. सौदा आणि व्हॅल्युएशन यातलं जे कमी, त्यावर बँक कर्ज देते. म्हणजे 20 लाख. स्टॅम्प ड्युटी मात्र 28 वरच, 6 टक्क्यांनी 1 लाख 68 हजार, वर नोंदणीचे 28 हजार. माझ्या खिशातून जायचे जवळजवळ 10 लाख! मेहुण्याचा तोडगा तयार होता, "ताईचं सोनं ठेवा." एका पगारावर दोन हप्ते? हळदीचं पोतं गोदामात पडून राहिलं तरी चालतं, माझा हप्ता दर महिन्याला 5 तारखेला कापला जाणार होता. मी नाही म्हणालो. इसारातले निम्मे पैसे परत मिळाले, तेही सहा महिने खेटे घालून. त्यावरून घरात जे ऐकलं ते इथं लिहीत नाही. जुलै 2021 मध्ये त्याच इमारतीत पुन्हा पाणी शिरलं, तेव्हापासून तो विषय कुणी काढत नाही.

तुमचं सांगायचं तर किंमतीच्या तीस टक्के रोख हाताशी हवी, आणि सहा महिन्यांचे हप्ते त्याच्याशिवाय वेगळे. सगळे मिळून हप्ते 15-16 हजारांच्या वर जाऊ देऊ नका. बँक त्याहून जास्त द्यायला तयार असते, घेऊ नका. इसारपावतीत 'कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत' हे लिहून घ्या, तोंडी नको. भाव पडले तरी रेडीरेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर, लगेच पडत नाही, सौदा त्याच्या खाली गेला तर ड्युटी रेडीरेकनरवरच बसते. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर ड्युटीत 1 टक्का सूट आहे. गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेला, स्वस्त प्लॉट कुणी दाखवला तर नियमितीकरणाचा दाखला बघितल्याशिवाय चहासुद्धा पिऊ नका.

मी शेवटी 2022 मध्ये मिरज रोडला दुसऱ्या मजल्यावर घेतला, 34 लाखांना. मेहुणा अजून म्हणतो, दाजींनी सहा लाख घालवले.

हां, 80 टक्के हा माझा अनुभव. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला नियमानं 90 पर्यंत मिळू शकतं, इमारत चांगली असेल तर विचारून बघा. आणि हे सगळं पगारदाराचं झालं. धंदा असेल तर बँक आधी तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न मागते. मेहुण्यानं ते कधी धड भरले नाहीत, म्हणून तो अजून भाड्याच्या घरात आहे.