सामानाचं काय करू विचारणाऱ्या पोरीला

चि. पोरी,

काल रात्री तुझे व्हॉइस मेसेज एकामागून एक ऐकले. वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना सामानाचं काय करायचं, हाच सगळ्यांत प्रश्न. बॅग खुर्चीजवळ ठेवायची की बाहेर, फाइल टेबलावर चालेल का, छत्री ओली असली तर काय करायचं, पाण्याची बाटली हातात दिसली तर बरं दिसेल का, आईनं दिलेली कापडी पिशवी कुठं ठेवायची. शेवटच्या मेसेजमध्ये तुझा आवाज रडवेला झाला होता आणि मागून तुझे वडील म्हणत होते, "नाना, तुम्हीच सांगा आते पोरले."

सांगतो. तुझ्या घरात कुणीतरी म्हणालंच असेल की एवढे मार्क पाडलेस, आता पिशवीचं काय घेऊन बसलीस. मी तसं म्हणणार नाही. प्रश्न रास्त आहे. फक्त तू तो भलत्या टोकाकडून धरला आहेस.

आधी हा गोंधळ आला कुठून ते बघ. मे महिन्यात नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, केंद्रावर तुला काय काय काढून ठेवायला लावलं, आठव. घड्याळ, कानातलं, पर्स. बूट चालत नाहीत म्हणून चपला, लांब बाह्या नकोत म्हणून अर्ध्या बाह्या. दोन वर्षं तुम्हा मुलांना हेच कळलं की सामान म्हणजे संशय. पुढची प्रवेशप्रक्रियाही बिनचेहऱ्याची. जळगावला २०१८ साली आणि नंदुरबारला २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, धुळ्याचं तर त्याच्याही कितीतरी आधीचं. पण तिथं जायला मुलाखत लागत नाही. मार्क, पसंतीक्रम, राज्याच्या प्रवेशपरीक्षा कक्षाची, म्हणजे सीईटी सेलची, यादी, झालं. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, आपण ज्याला एएफएमसी म्हणतो, ते निराळं. तिथं नीटच्या मार्कांवर बोलावणं येतं, मग इंग्रजी आणि तर्काची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. मुलींसाठी जागा जेमतेम ३०. म्हणजे स्वतःचं सामान घेऊन, स्वतःच्या पायांनी चालत कुणासमोर जाऊन बसायची ही तुझी पहिलीच वेळ. गोंधळणार नाही तर काय होईल?

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी पत्रभर घोकणार आहे. हात मोकळे ठेव.

खोलीत शिरताना तुझ्याजवळ एक फाइल असावी. एकच, आणि डाव्या हातात. पुठ्ठ्याची नको, पुण्यात तेव्हा पाऊस असतो. बटणाची जाड प्लॅस्टिकची घे, यावलच्या कुठल्याही स्टेशनरीत मिळेल. बोलावण्याच्या पत्रात कागदांची जी यादी आहे त्याच क्रमानं मूळ कागद लाव. झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात. तुझ्या मनाचा क्रम लावू नकोस. ते दहावीची गुणपत्रिका मागतील आणि तू बारावी, आधार, डोमिसाइल उलटत बसशील, तेवढ्या वेळात तुझे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे फाइलीत अडकलेले असतील. समोरच्या माणसाशी तुझा संबंध तिथंच तुटतो. फाइलीनं काही बिघडत नाही, हात अडकल्यानं बिघडतं.

बस म्हटल्यावर बस. फाइल मांडीवर आडवी. टेबल त्यांचं आहे. त्यांनी "ठेवा इथं" म्हटलं तर ठेव, एरवी नाही. कागद मागितला तर उजव्या हातानं दे, अक्षरं त्यांच्याकडे करून, म्हणजे त्यांना फिरवून घ्यावा लागणार नाही. परत दिला की लगेच जागच्या जागी. काही खाली पडलं तर वाकून उचल आणि जे बोलत होतीस ते पुढं बोल. तीनतीनदा सॉरी म्हणत बसू नकोस. पेन पडल्यानं कुणी नापास होत नाही. पेन पडल्यावर ज्याचं बोलणंच हरवतं, त्याच्याबद्दल मात्र समोरच्याला प्रश्न पडतो.

फोन सायलेंटवर नको. बंद कर आणि वडिलांकडे दे. बाटली, छत्री, डबा, स्वेटर सगळं त्यांच्याकडे. त्यांना शेवटच्या क्षणी यायला जमलं नाही, तर मोठी बॅग पुणे स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाक. तिथं कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून छोटं कुलूप आत्ताच घेऊन ठेव आणि तिकिटाचा मेसेज पुसू नकोस. लहान बॅग सोबत राहिलीच, तर आत जाण्याआधी तिथल्या माणसाला विचार, "ही कुठं ठेवू?" एवढं सरळ विचारायचं. आत न्यायला सांगितलं तर खुर्चीच्या पायाशी, तुझ्या बाजूला, पट्टा आत घालून. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नाही आणि मांडीवर तर मुळीच नाही. मांडीवर बॅग घट्ट धरून बसलेली मुलगी बसच्या प्रवासात असल्यासारखी दिसते.

आता त्या चामड्याच्या बॅगेबद्दल. तीन हजारांची बॅग घेऊ का, हे तू मला विचारलंसच कसं? तुझ्या वडिलांनी यंदा केळी काय भावानं दिली ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. नवी बॅग म्हणजे नवी चेन, नवा कप्पा, कुठला कागद कुठं गेला त्याची नवी शोधाशोध. बॅग नको, कुलूप घे. हा विषय संपला.

आईच्या पिशवीचं मात्र नीट वाच. त्या माउलीनं त्यात कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा भरून दिलाय, ठेच्याचा वास कपड्यांना लागेल म्हणून तू घाबरलीस. ठेचा स्टीलच्या डब्यात घाल, वर झाकणाला प्लॅस्टिक लाव, वास येणार नाही. पिशवी दडवू नकोस आणि आतही नेऊ नकोस. लाज वाटते म्हणून बाहेर ठेवायची नाही, हात मोकळे हवेत म्हणून बाहेर ठेवायची. बाहेरून दोन्ही सारखंच दिसेल, पण तुझ्या चालण्यात फरक पडेल. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं जाशील, सकाळी पुण्यात उतरलीस की आधी खाऊन घे. उपाशीपोटी मुलाखतीला बसलेली पोरं मी पाहिली आहेत, त्यांचं उत्तर घशातच राहतं.

तुला वाटेल नाना एवढ्याशा गोष्टीवर एवढं का बोलतोय. सैन्यातली नोकरी संपवून मी खान्देशात परत आलो तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात लागलो होतो. नाव सांगत नाही. सातपुड्यातून पेशंट यायचे, धडगावकडचे, तोरणमाळच्या खालच्या पाड्यांवरचे. भिल्ल, पावरा आदिवासी. त्या भागात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, किती आहे हे तुला पुस्तकातून माहीत असेल, मी ते रोज बघायचो. पोरगं तापानं फणफणलेलं, हातापायांची हाडं दुखतायत म्हणून रात्रभर रडलेलं, आई दीड दिवस चालत, जीपनं, एसटीनं आलेली. आणि दवाखान्याचा नियम असा की गाठोडं व्हरांड्यात.

एक बाई होती. पोराला मी टेबलावर घेतलं, पोटात वाढलेली प्लीहा हाताला लागतेय का बघत होतो. मी विचारतोय एक आणि बाईचं लक्ष दाराकडे. पुन्हा विचारलं, पुन्हा दाराकडेच. सिस्टर वैतागली, म्हणाली ही काही सांगतच नाही. मग मी बघितलं ती कुठं बघतेय. व्हरांड्यात, चपलांच्या ढिगाशेजारी तिचं गाठोडं पडलेलं. वॉर्डबॉयनं पायानं सरकवलेलं. मी जाऊन ते उचलून आणलं आणि तिच्या पायाशी ठेवलं. तिनं गाठ सोडली. आत लुगडं, ज्वारीचं पीठ, एक पितळी वाटी, आणि पिठाच्या पिशवीखाली प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेला, चार घड्या घातलेला तपासणीचा कागद. मुलाला सिकलसेल आहे हे आधीच्या शिबिरात कळलेलं होतं. तो कागद ती जीवासारखा सांभाळत आली होती आणि आम्ही तो चपलांपाशी टाकून तिला विचारत होतो की बाई, तू काही सांगत का नाहीस.

माझ्या हातात त्या वेळी पेन, पॅड, फोन यांतलं काही असतं तर मी ते गाठोडं उचलायला गेलो नसतो. वॉर्डबॉयला हाक मारली असती आणि त्यानं ते आणखी लांब सरकवलं असतं. हात मोकळे ठेव म्हणतो ते याच्यासाठी. मुलाखतीतल्या शिष्टाचाराशी त्याचा संबंध थोडा, पुढच्या चाळीस वर्षांशी जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली हात धुण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या. पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, आणि पाचवी, पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पाचवी सगळे विसरतात. खाटेची कड, चादर, बाजूचं स्टूल, त्यावरची पिशवी, हे सगळं पेशंटचंच क्षेत्र धरलेलं आहे. मी त्यातून एवढंच घेतो की माणसाचं सामान हा त्या माणसाचाच भाग आहे. त्याला हात लावायचा तर हात धुऊन लावायचा, लावला की पुन्हा धुवायचा, आणि पाय तर लावायचाच नाही.

मी तिथं मागणी केली की प्रत्येक खाटेखाली गाठोड्यासाठी लाकडी फळी द्या, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे फरशीही पुसता येईल. जंतुसंसर्गाचं कारण पुढं आलं. मी म्हटलं, गाठोडं व्हरांड्यात चपलांशेजारी पडून संध्याकाळी पुन्हा पेशंटच्या अंगाखाली जातं, तेव्हा संसर्ग होत नाही का? उत्तर मिळालं नाही. दवाखाना कसा दिसतो यावर चर्चा झाली. मी दोन खाटांखाली स्वतःच्या पैशानं फळ्या टाकल्या, त्या एका रविवारी काढल्या गेल्या. मी पुन्हा टाकल्या. पुढच्या वर्षी माझा करार वाढवला नाही.

लोक म्हणाले, डॉक्टर, फळीसाठी नोकरी घालवलीत. आजही म्हणतात. तुझ्या आजोबांनीही म्हटलं होतं. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे. मला खंत आहे ती निराळीच. ती डोंगरातली माणसं माझ्या हातून सुटली. मी अमळनेरला दवाखाना काढला, चांगला चालला, पण धडगावचा माणूस अमळनेरपर्यंत कशाला येईल? ती बाई पोराला घेऊन पुढच्या वेळी आली असेल, गाठोडं पुन्हा व्हरांड्यात गेलं असेल, आणि तिथं मी नसेन. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

म्हणून तू मला सामानाचं विचारलंस तेव्हा एकीकडे मी वैतागलो आणि एकीकडे मला आतून बरं वाटलं. ज्या मुलीला आपलं सामान कुठं ठेवावं याची एवढी काळजी वाटते, तिला उद्या पेशंटचं गाठोडं दिसेल. मात्र ती काळजी 'माझं कसं दिसेल' इथंच घुटमळत राहिली तर ती वाया गेली. मुलाखत घेणारे तुझ्या पिशवीचं कापड बघायला बसलेले नसतात. त्यांना पुढं सैन्यात डॉक्टर म्हणून काम करणारा माणूस निवडायचा असतो. पहाडात, तंबूत, हाताशी काही नसताना काम करावं लागतं. अशा माणसाचे हात कुठं असतात, हे ते बघणारच. तुझे मांडीवर असू देत, एकावर एक, फाइलीवर टेकलेले. बोलताना उचलावेसे वाटले तर उचल. बांधून ठेवू नकोस.

आणि तुला मुलाखतीत विचारलंच, की डॉक्टर का व्हायचंय, तर माझी ही गोष्ट तिथं सांगू नकोस. ती माझी आहे. तुझ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आजीला घेऊन जायचीस, तिच्या गोळ्यांची पुडी कुणी कुठं ठेवली आणि ती कशी हरवली, हे तू मला एकदा सांगितलं होतंस. ते सांग. मराठीत सुचलं तर आधी मनात मराठीत मांड आणि मग इंग्रजीत बोल, एक श्वास जास्त लागेल, लागू दे.

पासपोर्ट फोटो किती मागितलेत ते पत्रात बघ आणि त्याहून चार जास्त ने. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलनं नाव आणि नीटचा रोल नंबर लिही, पेननं लिहिलंस तर शाई पुढच्या फोटोच्या चेहऱ्यावर उमटते. झेरॉक्स भुसावळला स्टेशनबाहेर करू म्हणून ठेवू नकोस, गाडीच्या वेळेला तिथं गर्दी असते. उद्याच यावलला जाऊन काढ, आणि फाइल लावून झाली की वडिलांना सांग मला फोन करायला. यादी मी वाचेन, तू एकेक कागद काढून दाखव. उजव्या हातानं.

तुझा
नाना