पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला. ट्रेनिंगच्या विद्यावेतनासाठी चौथी चक्कर झाली, ऑफिसात म्हणतात आमच्याकडून गेलंय बँकेत विचारा, आणि बँकेत गेलीस तर म्हणे आमच्याकडे आलंच नाही ऑफिसात विचारा, आणि शेवटी तू लिहिलंस की बहुतेक माझंच काहीतरी चुकतंय. ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

तुझं काहीही चुकलेलं नाही. तू रोज वेळेवर गेलीस, काम केलंस, हजेरी लागली. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरलेत (बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000), ते तुझ्या कामाचे आहेत, त्यासाठी कोणापुढे हात जोडून उभं राहायचं कारण नाही.

आता आधी हे बघ, कारण मला वाटतं घोळ इथेच आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, सीड झालेलं (आधार नंबरावर नोंदलेलं) असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे काउंटरवर कोणी धड सांगत नाही. सरकारी पैसे आधारवरून येतात तेव्हा ते तू फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, सगळ्यात शेवटी ज्या एका खात्याला आधार सीड झालं त्यात जातात. तू कॉलेजात असताना मोबाईलच्या दुकानात झीरो बॅलन्सचं खातं काढलं होतंस ना, अंगठा देऊन? तुझे पैसे तिथे जाऊन पडले असतील. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ओटीपी टाक आणि कुठल्या बँकेचं नाव येतंय बघ. दुसरीच बँक निघाली तर आधी त्या खात्यात काय जमा झालंय ते तपास, मग आपल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भर, आणि फॉर्म दिल्यावर लगेच निघू नकोस, झेरॉक्सवर तारीख आणि शिक्का घे.

हे शिक्क्याचं मी उगाच लावून धरत नाही. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा रोजगार विनिमय केंद्राचं, नोकरीसाठी नाव नोंदवल्याचं कार्ड असायचं, ठरलेल्या मुदतीत रिन्यू केलं नाही की सिनिऑरिटी जायची. मी वेळेत गेलो होतो, खिडकीतल्या माणसाने कार्ड ठेवून घेतलं, म्हणाला पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात तो माणूस बदलून गेलेला आणि रजिस्टरमध्ये माझी नोंदच नाही. चार वर्षांची सिनिऑरिटी गेली आणि माझ्या हातात एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. तो नवीन माणूस वाईट नव्हता गं, मनापासून चुकचुकला, पण कागदावर नसलेली गोष्ट तो तरी कुठून आणणार.

रोजगार हमीवरच्या बायकांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. 2005 च्या मनरेगा कायद्यात काम मागितल्याची तारखेची पावती द्यायची असं लिहिलेलं होतं, आणि त्या तारखेपासून 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. म्हणून तर पावती द्यायलाच टाळाटाळ व्हायची आणि बायका पावतीसाठीच अडून बसायच्या. पावती मिळाली की दिवस मोजायला सुरुवात.

तर तूही तोंडी विचारणं आता बंद कर. अर्धं पानच लिही, कुठल्या महिन्याचं विद्यावेतन आलं नाही, हजेरी कधी भरली गेली, सोबत हजेरीची प्रत, आणि आवक विभागात देऊन आवक नंबर घे. नाही दिला तर स्पीड पोस्टाने पाठव. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि त्यात "माझे पैसे का नाही आले" असं विचारायचं नाही, "अमुक आवक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली त्याच्या प्रती द्या" असं विचारायचं. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

आणि एक, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या चकरांमध्ये तू दोन महिन्यांत एकाही ठिकाणी अर्ज केला नाहीस, तूच सांगितलंस. ट्रेनिंगची मुदत संपली की त्यातून नोकरी मिळेलच असं योजनेत कुठेही नाही. पैशांच्या मागे आठवड्यातली एकच सकाळ दे, मंगळवार म्हण, बाकीचे दिवस अर्जांचे. आणि तिथे काम करतेयस तोवर साहेबांकडून तू काय काय काम शिकलीस ते लेटरहेडवर लिहून घे, नुसतं सर्टिफिकेट बघून कोणाला काही कळत नाही.

आज सीडिंग स्टेटसचा स्क्रीनशॉट पाठव. बँकेचं नाव वेगळं निघालं तर उद्या मी येतो तुझ्याबरोबर.

काका